भांगाचे दिवस

कुरिअरवाल्याने खोकं ठेवलं. आत तपकिरी बाटली,
लेबलावर पंजासारखं पान, खाली: भांगबियांचं तेल.
रजिस्टरमध्ये हा शब्द लिहिताना
माझा हात अजून क्षणभर अडतो.
आमच्या घरी भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचं पाणी,
फार चढत नाही, फार उतरत नाही.
"आज भांग हाय," बापूस सांगायचा
आणि फाटकं जाळं मांडीवर घ्यायचा.
दुसरा भांग आईचा,
फणीच्या टोकाने, आरशाशिवाय, रोज सरळ.
हा तिसरा मला मिरजोळ्याच्या एमआयडीसीत भेटला,
नोकरी लागली तेव्हा.

तेल मी तीनदा चालवलं.
तिन्ही वेळा नशेचा अंश
मर्यादेच्या केसभर वर.
पुण्याहून फोन आला, आवाज खिरीसारखा:
"मॅडम, दशांशचिन्हानंतरचं वाचतं कोण?"
म्हटलं, मी.
त्याचाच पगार मिळतो मला.
(तो सांगायला मात्र दशांश लागत नाही.)

अनुसया रहाटे स्वतः आली,
लांज्याहून, पहिल्या एसटीने,
मांडीवर स्टीलचा डबा,
डब्यात सुकवलेली धिंगरी अळंबी,
झाकणावर बचत गटाचा शिक्का, थोडा फिसकटलेला.
ओलावा ठीक. शिसं नाही, कॅडमियम नाही.
बुरशीवर बुरशी नाही,
हेही लिहावं लागतं आम्हाला.
मग अकराव्या मिनिटाला
सपाट रेघेतून एक सुळका वर आला,
ओहोटीला खडप उघडं पडावं तसा.

पुस्तकात त्याचं नाव शोधलं,
पण ओळख जुनी होती.
पौषात मोहोरावर फवारा सुरू झाला
की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो,
तरी आमटीला तोच वास.

"मीठसुद्दा नाय लावलां, ताई."
मी कुठे म्हटलं लावलं म्हणून.
पेंढा कुठला?
"घरचा."
उडवी कुठे रचलीत?
ती बोलायची थांबली.
बाहेर कंपनीचा भोंगा झाला, लोक डबे उघडायला निघाले.
"कलमांखाली."
कलमं तिची नाहीत. तिच्या दिराने
पाच वर्षांच्या कराराने दिलेली,
फवारणारा माणूस कुठला, तिला नावही माहीत नाही.
तोंडाला फडकं बांधून येतो, सांगितलं तिने,
आणि कोंबड्या आत घ्या म्हणतो.

अळंबीला मूळ नसतं, पान नसतं, फूल नसतं.
ज्या पेंढ्यावर वाढते
त्याची चहाडी तेवढी करते.

अहवालात रकाना एवढासा.
त्यात "अनुरूप नाही" बसतं.
उडवी बसत नाही, दीर बसत नाही,
चुलीवरच्या माचोळीवर ताटं फिरवत
रात्र रात्र जागलेल्या अकरा बायका बसत नाहीत.
कागदाची चौघडी करून तिने डब्याखाली ठेवली.
दारात वळली:
"मंग आमी खाल्लां त्याचा काय?
पोरां पन खातात."
मी पेन उचललं. खाली ठेवलं.
डॉक्टरचं नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं,
आणि तिच्यामागून जिना उतरून
परतीची एसटी किती वाजता ते सांगितलं,
जे तिला माहीत होतं.

पुण्याच्या तेलाचा अहवाल त्याच दिवशी गेला.
त्यांनी म्हणे आता दुसरी प्रयोगशाळा पाहिलीय.

दीड महिन्याने तोच डबा.
या वेळी पेंढा नदीपलीकडचा, भावाच्या मळीतला,
जवळपास एकही कलम नाही, असं तिने
दोनदा फोनवर सांगितलं आणि एकदा चिठ्ठीत.
पूड तोलली. गाळली. सुईने आत सोडली.
विश्लेषकाला इच्छा नसावी,
असं प्रशिक्षणात शिकवतात, आणि ते बरोबर आहे.
आठवं मिनिट. पडद्यावर रेघ
भाट्याच्या खाडीसारखी निवांत.
नववं.
हेल्पर चहा ठेवून गेला, मी वळले नाही.
दहावं.
आज भांग असू दे.